बेलतालचा काठ

३ सप्टेंबर १९५६, सोमवार
मोठ्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझाच बेलतालच्या वसाहतीचा नक्शा, त्यावर लाल पेन्सिल. चाळीस घरं मी पाण्यापासून दोनशे फूट मागे ठेवली होती. पाळीवरची, म्हणजे तळ्याच्या बांधावरची, अर्जुनाची झाडं राहावीत, सांडपाणी उलट उतारानं शेतांकडे जावं, काठ सगळ्यांचा असावा. एकच घाट, ज्याला वाटेल त्यानं तिथून नाव घ्यावी. दोन वर्षांपूर्वी मंजूर झालेलं काम. आता घरांची पहिली रांग थेट काठावर. प्रत्येक प्लॉटला स्वतःच्या पायऱ्या. सांडपाण्याची नाली तळ्यात.
म्हटलं, "साहेब, पाणी सडेल."
म्हणाले, "एक नोव्हेंबरला आपलं राज्य संपतंय, नव्या राज्यात मिसळतंय. मग सगळ्या फायली भोपाळला, नव्या राजधानीत. तिथले लोक काठ वाटून घेणारच. त्याआधी आपल्या माणसांना मिळू दे."
आपली माणसं. संध्याकाळपर्यंत हाच शब्द डोक्यात.

५ सप्टें., बुधवार
सायकलनं बेलतालला. हरलाल केवटानं नावेत घेतलं. दक्षिण काठावर केवटांची, नाव चालवणाऱ्यांची, सोळा घरं. माझ्या नक्शात ती तिथंच राहतात, आणि वसाहतीच्या नावा तेच चालवतात. तसं त्यांना मी स्वतः सांगितलेलं. लाल पेन्सिलीत त्या जागी मोटारी उभ्या करायचं मैदान.
हरलाल विचारतो, "साब, कॉलोनी कब बनेगी? नई नाव बनवा ली है।"
"बनेगी," म्हणालो. पुढचं बोललो नाही. भित्रा.

८ सप्टें., शनि.
साहेबांनी प्लॉट देऊ केला. नंबर सात, अगदी पाण्यावर. लाल पेन्सिलीच्या नक्शावर सही तेवढी करायची.
सुमतीला सांगितलं. पाटणकर बाजारात दुकानावरच्या दोन खोल्यांत तिची लग्नानंतरची सतरा वर्षं गेली. पाणी अजून खालून वर आणते. तिनं घागर उतरवून ठेवली. मग, "खिडकीतून तळं दिसेल?"
"दिसेल."
"आणि नाली कुठे सुटणार?"
"सातच्या शेजारीच."
"मग खिडकी बंदच ठेवावी लागेल," म्हणाली आणि कणीक मळायला बसली. हो म्हणाली की नाही, कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

१७ सप्टें., सोम.
सही करणार नाही, असं सांगून टाकलं. सा. चिडले नाहीत. फाईल उघडून माझा जुना पाहणी-अहवाल पुढे केला. माझंच अक्षर: 'दक्षिण काठावर केवटांच्या सोळा झोपड्या, अस्थायी.'
"तुमचाच शब्द ना? अस्थायी आहेत तर हटवायला हरकत कसली?"
मातीच्या भिंती पाहिल्या, ऊन फार होतं, घरी जायची घाई होती, लिहून मोकळा झालो. एवढंच कारण. दुसरं काही नाही.
सा. चा राग करायला निघालो होतो. आता कोणाचा करू?

१९ सप्टें., बुध.
हरलालला सगळं सांगितलं. शब्दही सांगितला.
"अस्थायी माने?"
"जो टिकनेवाला नहीं है."
"हमारे बाप यहीं मरे, उनके बाप भी यहीं। और कितना टिकें, साब?"
ओरडला असता तर बरं झालं असतं. नावेचा दोर सोडून निघून गेला. मी काठानं चालत परत.

२९ सप्टें., शनि.
तबादला. १ नोव्हेंबरला भोपाळला हजर व्हायचं. दफ्तरातल्या निम्म्या लोकांना जायचंच आहे, पण हुकूम पहिला माझा.
लाल पेन्सिलीच्या नक्शावर काळेनं सही केली. माझ्या हाताखाली काम शिकलेला. गोरखी दरवाज्यापाशी गाठ पडली. सायकलवरून उतरला. "चार बहिणी आहेत दादा, म्हातारी आहे. सात नंबर मला देतायत." जिव्हारी लागेल असं उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. घरी येऊन विनाकारण लेकीवर, कुमुदवर, ओरडलो.

१० ऑक्टो., बुध.
कलेक्टरसाहेबांकडे अर्ज दिला. अहवालातला 'अस्थायी' शब्द चूक, चूक माझी. सोबत सोळा घरांचे अंगठे. माझं सरकारी हिंदी लंगडं, म्हणून कुमुदनं लिहिलं. "बाबा, 'त्रुटि' लिहू की सीधा 'गलती'?"
"गलती लिही."
अंगठे घेताना हरलाल सगळ्यात शेवटी आला. माझ्याशी बोलला नाही. पण आला.
दुपारपर्यंत सा. ना बातमी. "नोकरी जड झाली का तुम्हाला?"

२७ ऑक्टो., शनि.
पाळीवर कुऱ्हाडी. माझ्या अर्जावर सुनावणी व्हायची आहे आणि साहेबांच्या माणसांनी दोन अर्जुन पाडलेसुद्धा. काठावर खुंट्या ठोकल्यात. मुकादमावर इतका ओरडलो की घसा बसला. त्याच्याकडे लेखी हुकूम होता. मजूर बायांतल्या एकीनं तांब्याभर पाणी आणून दिलं, म्हणाली, "बैठ जाओ, बाबूजी।" बसलो. त्या माझ्यासमोर तिसऱ्या झाडाच्या फांद्या तोडत राहिल्या.

३० ऑक्टो., मंगळ.
कलेक्टर कचेरीची नोटीस. ५ नोव्हेंबरला, सोमवारी, जागेवरच सुनावणी. साक्षीदार म्हणून माझं नाव. आणि एक तारखेला भोपाळला हजर व्हायचंय. पाच तारखेपर्यंतची रजा मागितली. सा. नी नामंजूर केली, कारण न लिहिता.
हरलाल पहिल्यांदाच घरी आला. जिन्याच्या पायथ्याशी उभा. "आप रहोगे उस दिन?"
"कल बताता हूँ," म्हणालो. वर या, असंही म्हणालो नाही. सुमती चहा घेऊन खाली गेली.

३१ ऑक्टो., बुध.
सुमतीनं माझे दोन कोट ट्रंकेत घातले, परत काढले. "एकदा काय ते ठरवा. मला फराळाचं पाहायचंय."
"नोकरी जाऊ शकते," म्हटलं.
"ते मला कळतं. ठरवा म्हटलं, घाबरवा नाही म्हटलं."
तारघरात गेलो. भोपाळला तार: हजर होऊ शकत नाही. तारबाबू हिंदीत म्हणाला, कारणात 'बीमार' घालू? आजकाल सगळे तेच घालतायत, चालून जातं.
म्हटलं, बीमार नाही. सोमवारी खात्याविरुद्ध साक्ष आहे, असं घाला. त्यानं मान वर करून पाहिलं, आणि एकेक अक्षर वाचून दाखवत लिहून घेतलं.
येताना हरलालकडे निरोप धाडला: सोमवारी मी असेन.
दफ्तर बंद होईतो भोपाळचं उत्तर नाही.