अननस मी आणतो

मी, श्रीमती कांचन दिनकरराव शिर्के, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार पारिजात सोसायटी, कारेलीबाग, बडोदे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी लिहायला सांगितले नाही, कोणी फूस लावली नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात वजा करायला लावले. जन्मभर मी पोरांना वजाबाकी शिकवली, त्यामुळे तो अपमान मी गिळला.

मला कोणताही आजार नाही. हे लिहिण्याचे कारण माझी सून श्रद्धा आहे. तिला या घरातून मोकळे करायचे आहे. तोंडाने सांगितले तर ती ऐकणार नाही. ती बँकेत नोकरी करते, सही आणि साक्षीदार असलेल्या कागदापुढे तिचे काही चालत नाही, म्हणून हा खटाटोप.

१. माझे यजमान दिनकरराव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते आजारपणाने गेले. आम्हांला एकच मुलगा, शुभंकर. तो ८ एप्रिल २०२२ रोजी समा रस्त्यावर अपघातात गेला. श्रद्धा त्याची पत्नी. याखेरीज माझ्या मिळकतीवर हक्क सांगणारे कोणी नाही. कोणी उगवल्यास या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

२. मी राहते तो फ्लॅट दिनकररावांच्या व माझ्या स्वकष्टाच्या पैशातून घेतलेला आहे. तो माझ्या पश्चात श्रद्धाचा. तिने पुन्हा लग्न केले तरी तिचा, न केले तरी तिचा. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावा, विकावा. शुभंकरची खोली तशीच ठेवायची वगैरे अट मी घालत नाही. बँकेतील ठेवीही तिच्याच.

३. स्वयंपाकघरातील वस्तूंबद्दल लिहिण्याआधी थोडे सांगणे भाग आहे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई बेकरी चालवत होती.

शुभंकरला कॉलेजात असताना इंटरनेटवर एक खूळ सापडले. जगात कुठे ना कुठे खाण्याच्या पदार्थांचे दिवस पाळतात. डोनटचा दिवस, वॅफलचा दिवस, केळ्याच्या ब्रेडचा दिवस. आपल्याकडे संकष्टी असते तसे. त्याने ते सगळे स्वतःच्या फोनमध्ये भरून ठेवले, दरवर्षी आपोआप वाजतील असे. नुसते नाव नाही, सूचना लिहायचा. ‘आई, आज डोनट. बाबांचा कटर काढ.’ मी कुरकुर करायची आणि करायची. डोनटला भोक पाडायला दिनकररावांनी वर्कशॉपमध्ये पाइपाच्या तुकड्याचा कटर करून आणला होता, मूठ लावून. पहिले डोनट मेदूवड्यासारखे झाले होते. दिनकररावांनी ते चटणीशी खाल्ले. शेजारच्या हंसाबेन वासावर दारात येत, ‘कांचनबेन, आजे शुं छे?’ म्हणून. त्यांच्यासाठी सगळे बिनअंड्याचे करायचे. तेव्हा या घरात आम्ही खूप हसत असू. मला ते आठवते, पण दुसऱ्या कोणाच्या घरी पाहिल्यासारखे.

४. शुभंकरचा तेरावा २० एप्रिलला आला. तेराव्याला घरच्यांना गोड घास खायला लावतात आणि मग घरात पुन्हा गोडधोड करायला मोकळीक होते. माझे थोरले दीर उदयसिंहराव यांनी त्यासाठी श्रीखंड आणले होते. गुरुजी पाटावर बसले होते. शुभंकरचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला. तो काढून ठेवायचे कोणाला सुचले नव्हते. तो वाजला. श्रद्धाने जाऊन पाहिले. ‘आई, आज अननसाचा केक, पालथा घालतात तो. अननस मी आणतो.’

श्रद्धाने पायात चपला घातल्या, स्कूटर काढली आणि खंडेराव मार्केटातून अननस घेऊन आली. येऊन ओट्याशी उभी राहिली आणि मैदा चाळायला लागली.

उदयसिंहराव म्हणाले, “कांचन, हे काय चाललंय? तेराव्याला केक? लोक तोंडात शेण घालतील आपल्या!”

गुरुजींनी हळूच विचारले, “अंडं आहे का त्यात?”

“नाही,” श्रद्धा म्हणाली.

“मग हरकत नाही.”

तिने पहिला घास मला भरवला. मी गिळला. चव लागली नाही, कापूस खाल्ल्यासारखे वाटले. पण तिने लगेच दुसरा घास पुढे केला, आणि माझ्या मनाने घेतले की या मुलीला हे हवे आहे. तिला जगायचे असेल तर हा फोन वाजत राहिला पाहिजे. म्हणून मी तो चार्जिंगवरून कधी काढला नाही. वाजला की आम्ही करायचो. ती मैदा मळायची, मी ओव्हन तापवायची. एकमेकींकडे पाहून ‘छान झालाय’ म्हणायचे आणि बाकीचा हंसाबेनकडे द्यायचा. अशी चार वर्षे गेली.

लोक विचारतात, आता बरे वाटते का. मला बरेही वाटत नाही आणि वाईटही वाटत नाही. आत काही हलत नाही. अजून कशाची चव लागत नाही. डॉक्टर म्हणतात जिभेत दोष नाही.

५. तेराव्याच्या केकचा गोल डबा उदयसिंहरावांना द्यावा. त्या दिवशी संध्याकाळी सगळे पांगल्यावर त्यांनी तो केक उभ्या उभ्या खाल्ला आणि उरलेला जाऊबाईंसाठी म्हणून रुमालात बांधून नेला. शेण त्यांच्या तोंडात कोणी घातले नाही. डबा रिकामा द्यावा.

६. ओव्हन, वॅफलचे यंत्र, मापाचे पेले व बाकीचे सर्व डबे हंसाबेन यांना. चार वर्षे आमचे केक त्यांनी खरोखर खाल्ले, आणि एकदाही ‘हवे केटलुं चालशे?’, आता हे किती दिवस चालणार, असे विचारले नाही. त्याबद्दल त्यांची मी आभारी आहे.

७. डोनटचा कटर श्रद्धाला. तो दिनकररावांच्या हातचा आहे म्हणून. वापरण्याची सक्ती नाही.

८. मागच्या महिन्यात वॅफलचा दिवस होता. मी भिजवलेल्या पिठाचा डाव हातात घेऊन तिला हाक मारायला गेले, तर ती गॅलरीत फोनवर बोलत होती. पलीकडे निहार होता. तो तिच्या बँकेतला, पुण्याला बदली होऊन गेला आहे. तिने तिकडे बदली मागावी आणि त्याच्याशी लग्न करावे म्हणून तो वाट पाहतो आहे, हे मला तेव्हा कळले.

ती म्हणत होती, “नाही येऊ शकत रे. आईंचे ते दिवस असतात ना. एक दिवस केक नाही केला तर त्या मोडून पडतील. त्या फोनवरच उभ्या आहेत त्या... मला? मला तर गोड बघितलं तरी नको होतं. तेराव्याला मी केला तो त्यांच्यासाठी. नंतर बंद कसा करणार, बोल?”

डावातले पीठ माझ्या पायावर गळत होते. मी परत आत गेले आणि वॅफल केले. ती आली, तिने खाल्ले आणि म्हणाली, “छान झालंय, आई.”

मी तिच्यासाठी करत होते आणि ती माझ्यासाठी. दोघींनाही नको होते. त्यात तिची चार वर्षे गेली. माझी गेली त्याचे मला काही नाही. तिची गेली याचे मला वाईट वाटते. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटले, म्हणून इथे नोंदवते.

९. निहार एकदा घरी येऊन गेला आहे. तेव्हा बँकेतला सहकारी म्हणून आला होता. बूट नीट जोडीने काढून ठेवतो, पाणी प्यायल्यावर पेला आत नेऊन ठेवतो. माझी हरकत नाही. माझी हरकत असती तरी तिने विचारात घेऊ नये.

१०. माझ्या तेराव्याला गोड काही करू नये. श्रद्धाला तिखट आवडते. सेव-उसळ आणावी, वरची तिखट लाल तर्री वेगळी आणि भरपूर. उदयसिंहराव हयात असल्यास त्यांना पाव जास्त द्यावेत.

११. हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. माझे वकील व या मृत्युपत्राचे व्यवस्थापक श्रीकृष्ण दिघे म्हणाले, “मावशी, मृत्युपत्र तुमच्या नंतर अमलात येतं. हयातीतलं त्यात लिहीत नाहीत.” मी म्हटले, माझ्या आईकडची माणसं नव्वदीपर्यंत जगतात, तोवर ती पोरगी मैदा मळत बसेल. मी लिहिते म्हटलं तर लिहू दे.

तर, शुभंकरचा फोन आजपासून बंद. आज सकाळी तो वाजला. आज वीस एप्रिल. श्रद्धा हातात कंगवा घेऊन बाहेर आली आणि फोनकडे न बघताच म्हणाली, “आई, येताना मी आणते अननस.”

“नको,” मी म्हटले.

“मार्केटात आलेत, आई.”

“नको म्हटलं ना.”

ती वेणी घालून कामावर गेली. मी फोन बंद केला. नक्की बंद करायचा का, असे त्याने विचारले. मी हो केले. तो श्रद्धाने पुण्याला नेऊ नये. शुभंकर माझा मुलगा होता, त्याची आठवण सांभाळणे हे माझे काम आहे, आणि ते फोनशिवाय करता येते.

कलम आठ ते अकरा आज संध्याकाळी श्रद्धाला साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. तिने मध्ये बोलू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, खाडाखोड नाही. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले व मी त्यांना.

(सही) कांचन दिनकरराव शिर्के

साक्षीदार :
(सही) जनार्दन खानविलकर, निवृत्त रेल्वे कर्मचारी, प्रतापनगर
(सही) हंसाबेन पटेल, पारिजात सोसायटी

स्थळ : बडोदे
दिनांक : २० एप्रिल २०२६

खालील नोंद मृत्युपत्राचा भाग नाही, अशी श्रीकृष्णची ताकीद आहे.

वाचन झाले. श्रद्धा मध्ये बोलली नाही. नंतर गॅलरीत जाऊन तिने निहारला फोन लावला. मी ऐकले नाही. तिच्या पिशवीत अननस होता, नको म्हटले तरी आणला होता. केक केला नाही. हंसाबेनने फोडी केल्या, श्रद्धाने त्यावर तिखट-मीठ घातले आणि आम्ही उभ्यानेच खाल्ला. आंबट होता.