पटावरची अकरा मुलं

दादा,

उद्या दहा वाजता शाळेत मुलं मोजायला साहेब येणार आहेत. शिक्षण कार्यालयातल्या कारकुनाने आताच फोनवर सांगितलं. वसाहतीत आपली एकच शाळा उरली आहे. पटावर तीस मुलं, वर्गात एकोणीस. पट पंचविसाखाली गेला की शाळा बंद, म्हणून सोडून गेलेल्या अकराजणांची हजेरी मीच लावत आले, मुख्याध्यापिका असून.

"बाई, अकराजणांना एकदम गोवर आणायचा का?" शिपाईमामा म्हणाले. हसता हसता रडू फुटलं.

तू वसाहतीबाहेरच्या शाळेत घातलेल्या तुझ्या मुलींना एक दिवस पाठव, असं लिहायला बसले होते. पण त्या अकरांत त्याही आहेत, तुला न विचारता. हे पत्र टाकायची हिंमत नाही. उद्या साहेब पहिलं नाव तुझ्या थोरलीचं पुकारतील.

तुझी धाकटी