मोहिनी दारातच उभी

८ जानेवारी, पाचोरा
केबल तोडली! केबलवाले हेमराजभाऊ स्वतः येऊन डबा काढून घेऊन गेले, तोंड एवढंसं करून. "वहिनी, परत बोलवाल बघा," म्हणाले. मला वाईट वाटलं. पण प्रशील ऐकतो कोणाचं? माझाच मुलगा! त्याने टीव्हीत ॲप घालून दिलं. आता मालिका हवी तेव्हा बघायची, हवी तिथे थांबवायची. जाहिराती नाहीत. आमचे हे जाहिराती लागल्या की पाणी प्यायला उठायचे, त्यांची फार पंचाईत झाली आहे.

दुपारी मोहिनीची मालिका पहिल्यापासून लावली. केबलवर ती नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला यायची, कधी धड बघताच आली नाही. आज एकामागून एक भाग! भाजी लागली. लागू दे.

११ जानेवारी
घरात चोर आहे. काल मोहिनीचा साखरपुडा चालू असताना बंद केलं होतं. आज लावलं तर बाई लग्न होऊन सासरी! सपनाला विचारलं. सूनबाई म्हणते, "आई, मी असल्या मालिका बघत नाही हो." असल्या म्हणजे?

१२ जानेवारी
चोर सापडला. धुळ्याला आहे!

प्रशीलला धरलं तेव्हा मान खाली घालून बोलला, "आई, मोठ्या मावशीकडेपण हेच खातं चालतं. तिने बघितलं की तुझं पुढे सरकतं."

मोठी मावशी, म्हणजे आमच्या मंदाक्का. माझी सख्खी बहीण. प्रशीलच्या लग्नाआधी व्याह्यांना मळ्यात भरीत-पार्टी दिली होती. मी पहाटेपासून वांगी भाजून, कुटून हाताला फोड आणलेले. आणि ही सगळ्यांसमोर, सपनाच्या आईसमोर म्हणाली, "तुना भरीतमा तेलच तेल शे वं!" तेव्हापासून मी बोलत नाही. तीही नाही. लग्नात दोघी दोन टोकांना बसलो होतो.

आता माझ्याच टीव्हीत घुसली!

१४ जानेवारी
संक्रांत. मुद्दाम बसून भरपूर भाग संपवले. तिला मधलं काहीच कळू नये. घे!

१५ जानेवारी
तिने सगळं मागे नेऊन ठेवलं. पुन्हा साखरपुड्यावर!! लहानपणी माझी वेणी ओढून पळायची, ती हीच.

१९ जानेवारी
रोज हेच चाललंय. मी पुढे, ती मागे. खरं सांगू का — मजा येते. सकाळी चहाच्या आधी टीव्ही लावते. अक्का कुठे थांबली ते बघायला. काल मोहिनीची आई चुलीपुढे बसते, तिथे थांबली होती. मीपण तिथेच थांबले असते. आमची आई तशीच बसायची, एक पाय पसरून.

यांना सांगितलं तर म्हणाले, "मग फोन कर ना." मी? मी का करू?

२४ जानेवारी
मोहिनी माहेर सोडून परत सासरच्या दारात आली आहे. एक पाय उंबऱ्याच्या आत. सासू आत घेणार का? जीव टांगणीला! पण बंद केलं. म्हटलं, हे अक्काने आधी बघावं.

२५ जानेवारी
मोहिनी दारातच.

२७ जानेवारी
अजून दारातच. अक्काने हात लावलेला नाही. तिला बरं नाही का? गुडघा तिचा आधीच दुखतो. घरात एकटी पडली असेल तर? प्रशील ऐन वेळी फोन उचलत नाही. आज मला जेवण गेलं नाही.

२८ जानेवारी
केला फोन! नंबर पाठ होता, लाज वाटली. तिने उचलला. मीच म्हटलं, "अक्का, मोहिनी थंडीत किती दिवस उभी राहील?"

तिकडून लगेच, "मंग तू देख ना वं! मी तुनीच वाट देखी ऱ्हायनी."

मी हसले. मग रडले. तीपण. मग फोन स्पीकरवर ठेवून दोघींनी एक-दोन-तीन म्हणत बटण दाबलं आणि एकत्र बघितलं. सासूने आत घेतलं! आम्ही दोघी टाळ्या वाजवत होतो, इकडे मी, तिकडे ती. सपना दारातून बघत राहिली. बघ म्हणावं, असल्या मालिका!

१ फेब्रुवारी
अक्का आली!! स्टेशनावर मीच गेले. केस पिकलेत, आवाज तोच. भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या केल्या. तेल मी माझ्या मनानेच घातलं. दोनदा वाढून घेतलं तिने आणि म्हणाली, "तेल जास्तच शे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिला तिसऱ्यांदा वाढलं.

२ फेब्रुवारी
अक्का सकाळच्या गाडीने गेली. मग प्रशीलने सांगितलं. ॲपचं खातं आमचं नाहीच, अक्काचं आहे. तिनेच त्याला दिलं, नाव सांगू नको म्हणून बजावून. तिच्या घरी केबल अजून आहे आणि मोहिनीची मालिका तिने गेल्याच वर्षी शेवटापर्यंत बघितली आहे.

फोन केला. मग रोज ॲप उघडून काय बघत होतीस गं?

"तू कोठलोंग उनी, ते."

मी कुठवर आले, ते.