गळाभेटीनंतरचा तिसरा दिवस

सक्करदरा, नागपूर
शनिवार, ता. ९ फेब्रुवारी १९७४

काटोलचे आमचे साडू श्री. रुपरावजी यांस दादाजीचा लांबूनच रामराम. (लांबून का, ते पुढे येईलच.) आपली प्रकृती, जिजाबाईंचा गुडघा आणि संत्र्यांच्या बागेतला मृगबहार हे तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे बाकीच्यांचे आहे.

पत्राला उशीर झाला याची माफी असावी. गेल्या रविवारी आपल्या प्रेमिलाला मुलगा झाला. लग्नाला सात वर्षे झाल्यावर झाला, आणि माझा पहिला नातू, तेव्हा ही बातमी मी दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवली होती. पण सध्या माझ्या हातची कोणतीही वस्तू घराबाहेर जायची असेल तर ती आधी दिवसभर उन्हात पडते, आणि मग तुमच्या वडील मेहुणीबाई, म्हणजे आमच्या घरच्या सिव्हिल सर्जन मनकर्णाबाई, तिला ओल्या कडुनिंबाच्या पाल्याची धुरी देतात. पहिले पत्र त्या धुरीत जळाले. त्यात अक्षर फार चांगले आले होते. हे दुसरे आहे. वास आला तर घाबरू नये.

आता हकीकत. सोमवारी आमचे व्याही, तुमच्या गल्लीतले रामाजी, सकाळच्या बसने नातवाला पाहायला दवाखान्यात आले. तुम्हांला ठाऊकच आहे, व्याही भेटले की गळाभेट झालीच पाहिजे, आणि ती एका खांद्यावर भागत नाही. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. त्यात नातू झालेला, म्हणजे आवळण्याला कमीपणा नको. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघे एकमेकांना धरून उभे होतो (नर्सबाईंना वाटले कोणी तरी दगावले), आणि तिसऱ्या खांद्याच्या वेळी रामाजी शिंकले. एकदा नाही, सात वेळा. माझे धुतलेले उपरणे, माझी मान, माझा डावा कान, कशालाही त्यांनी वगळले नाही. माणूस उदार आहे हे मी लग्नात हुंडा ठरवताना पाहिले नव्हते, ते त्या दिवशी पाहिले.

शहरात फ्लूची साथ आहे हे तुमच्या कानावर असेल. आमच्या गल्लीत तीन घरे पडून आहेत. तेव्हा सातवी शिंक मोजून होताच मनकर्णाबाईंनी तिथेच, व्याह्यांच्या तोंडावर, निकाल दिला. "आता तुमी दोघंबी लेकराजवळ यायचं नाही. एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला." रामाजी बिचारे खिडकीच्या गजांतून नातवाचे टाळके पाहून दुपारच्या बसने परत गेले. मी टाळकेसुद्धा पाहिले नाही, कारण खिडकीशी ते उभे होते आणि त्यांच्या मागे उभे राहायची मला भीती वाटली.

मी तडक श्रीधर डॉक्टरांकडे गेलो. (हे आमच्या नाक्यावरचे. शिकलेले फार, म्हणून बोलतात तिरके.) मी म्हणालो, मला फ्लू झाला की नाही ते आत्ताच्या आत्ता तपासून कागदावर लिहून द्या. त्यांनी विचारले, शिंक केव्हा बसली? मी म्हणालो, पाऊण तास झाला. तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "दादाजी, सकाळी गहू पेरून दुपारी विळा घेऊन जाता का गा शेतात?" मग समजावून सांगितले की रोग अंगात शिरला तरी त्याला वाढायला दोन-तीन दिवस लागतात, आज नाकातून कापसाचा बोळा फिरवला तर तो कोराच निघेल, आणि कोरा निघाला म्हणून मी नातवाला मांडीवर घेईन, आणि दुसऱ्या दिवशी मला ताप चढेल. ताप, अंगदुखी, खोकला आला तर लगेच या. नाही आला तर तीन दिवस जाऊ द्या, मग या. मेडिकल कॉलेजातले त्यांचे एक स्नेही या साथीचे बोळे गोळा करून पुण्याला पाठवतात, त्यात माझाही घालू म्हणाले.

मी घरी येऊन ओसरीवर बसलो. मंगळवारी प्रेमिला बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली तेव्हा मला अंगणात कडुनिंबाखाली उभे केले होते. लेक माझ्यासमोरून माझ्याच घरात गेली, मांडवाखालून नवरी जावी तशी, आणि बाळ दुपट्यात इतके गुंडाळलेले की आत मूल आहे की पपई, कळायला मार्ग नाही. तेव्हापासून माझे घोंगडे वेगळे, ताट-तांब्या वेगळा, कोणाला शिवायचे नाही. न्हाव्यानेही हात लावायला नकार दिला, म्हणून दाढी वाढलेली.

आता रुपराव, वाढलेली दाढी, ओसरीवर वेगळे घोंगडे आणि वेगळे ताट हे पाहून शेजारपाजाऱ्यांना काय वाटणार? बुधवारी सकाळी शेजारच्या कांताबाई पदर डोळ्याला लावूनच आल्या. माझ्यासमोर बसून आधी पोटभर रडल्या (माणूस कोण गेले हे नंतर विचारायची पद्धत आहे) आणि मग आत हाक मारली, "मनकर्णाबाई, कोन गेलं वं?" आतून उत्तर आले, "कोनी गेलं नाही वं बाई, आलं हाय! हे नुसते बसून राह्यले!" कांताबाईंनी डोळे पुसले, पण आणलेली डाळ-तांदळाची ताटली परत नेली नाही. संध्याकाळपर्यंत आणखी चौघी रडून गेल्या. उद्या मी गेल्यावर या ओसरीवर लोक काय बोलतील ते मी जिवंतपणी ऐकून घेतले. फारसे काही नाही बोलत.

दरम्यान बुधवारीच मी डॉक्टरांच्या दारात हजर झालो होतो. ते म्हणाले, गुरुवारी बोलावले होते. मी म्हणालो, तुम्ही तीन दिवस म्हणालात. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. ते म्हणाले, तीन दिवस *जाऊ* द्या म्हणालो होतो, सोमवार धरायचा नाही. आता हे काय नवीन शास्त्र? माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले असेल, पण बत्तीस वर्षे मिलच्या फाटकावर मी माणसांचे दिवस मोजले आहेत. माणूस मेला तो पहिला दिवस. मूल झाले तो पहिला दिवस. बारसे आपण बाराव्याला करतो ते जन्मदिवस धरूनच ना? (रविवारपासून मोजा, येत्या गुरुवारी बारसे.) मग एक शिंकच अशी कोणती सरकारी पाहुणी लागून गेली की तिचा पहिला दिवस मोजायचा नाही? डॉक्टर म्हणाले, "सुतक मोजून राह्यले का तुम्ही? फ्लूले आपलं पंचांग मालूम नाही." आणि मला परत पाठवले. तो एक जादा दिवस मी कसा काढला ते माझे मला ठाऊक. दर तासाला कपाळाला हात लावून पाहत होतो. हात गरम लागला की कपाळ गरम आहे की हात, याचा उलगडा होईना.

गुरुवारी मात्र रीतसर तपासणी झाली. अंगात ताप नव्हता, खोकला नव्हता. डॉक्टरांनी लांब काडीला कापूस गुंडाळून नाकात घातला तो टाळूपर्यंत गेला. निकाल काय लागला म्हणाल, तर घरात मी असे सांगितले आहे की बोळा पुण्याला गेला आहे आणि टपालाने उत्तर येईल. तोवर मी ओसरीवर आहे. बाळ रडते तेव्हा भिंतीला कान लावून ऐकतो. आवाज भरदार आहे. माझ्या वडिलांवर गेला असावा.

मंडळींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
दादाजी

ता. क. : आता मूळ काम. कालच्या टपालाने रामाजींचे कार्ड आले. लिहितात की, "आपण माझ्या खांद्यावर शिंकलात म्हणून मी सोमवारपासून बागेतल्या झोपडीत एकटा राहतो आहे, अंगात काही नाही, पण लेकराच्या जिवाला धोका नको, सबब बारशाला आमच्या घरचे कोणी येणार नाही." आता बारशाला आत्या नाही तर बाळाच्या कानात नाव कोण सांगेल? नाव नसलेला नातू मी कोणाला दाखवू? तरी तुम्ही आजच्या आज झोपडीवर जाऊन त्यांना सांगावे की दादाजीला फ्लू नाही आणि त्यांनाही नाही.

ता. क. दुसरा : कसे नाही म्हणून विचारले तर सांगावे लागेल. आधी मीच शिंकलो होतो. दिवाळीत मी मनकर्णाबाईंपुढे शपथ घेतली होती की नातवंड झाले की तपकीर सोडीन. सोमवारी सकाळी शेवटची म्हणून जरा मोठी चिमूट ओढली, हात उपरण्याला पुसला, आणि तेवढ्यात व्याही आले. त्यांनी उपरण्यात नाक खुपसले. पुढचे तुम्हांला माहीत आहे. डॉक्टरांचा बोळा पार विटकरी निघाला. म्हणाले, हा पुण्याला कशाला, मनकर्णाबाईंकडेच पाठवतो. शेवटी चिठ्ठी लिहून दिली : "फ्लू नाही. तपकीर भरपूर." ती मी टोपीच्या घडीत ठेवली आहे. ती दाखवल्याशिवाय बाळ मिळत नाही, आणि दाखवली तर बाळाच्या नावाची शपथ मोडली म्हणून अजिबातच मिळणार नाही.

ता. क. तिसरा : गुरुवारपासून खरोखर सोडली आहे. डबी तुळशीच्या ओट्याच्या मागच्या सैल विटेखाली आहे, तिला हात लावलेला नाही. (एकदा लावला.) तुम्ही आलात की ती गुपचूप काटोलला घेऊन जावी. पाकीट मी डिंकाने पक्के चिकटवतो आहे. हे पत्र वाचून जाळावे, आणि जिजाबाईंना दाखवू नये. दोघी बहिणी आहेत.

ता. क. : मावसाजी, मी प्रेमिला. आईने पाकीट धुरीवर धरले तेव्हा ओल्या पाल्याची वाफ लागून डिंक आपोआप सुटला. आईला वाचता येत नाही म्हणून मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. टोपीतली चिठ्ठी तिला गुरुवारी टोपी धुतानाच सापडली होती (तीही मीच वाचून दाखवली, मग तिने ती परत घडीत घातली), पण डबी सापडत नव्हती, म्हणून तिने बाबांना ओसरीवर राहू दिले. डबी आता चुलीत गेली. बाबांना आंघोळ घालून, नखे काढून, आईने आत घेतले आहे. हे लिहिते आहे तेव्हा बाळ त्यांच्या मांडीवर आहे, आणि बाबा शिंक येईल या भीतीने श्वास कोंडून बसले आहेत. तरी सासऱ्यांना आणि वन्सबाईंना घेऊन गुरुवारी येताय की नाही ते लवकर कळवा. बाबांना असे फार वेळ बसता येणार नाही.