कापूस त्यायचा, कंपनी आपली

३ मे
नाही, तू हसूच नको. वाचून राह्यला न? मंग चूप वाच. तुमच्यासारख्यायनंच बॅनर लावलं नेरच्या स्टँडसमोर : 'आपली कंपनी परदेशात!' खाली आमच्या नितीनचा फोटो. कापसातली सरकी काढाची इथली जिनिंग बंद, टांझानियात नवी चालू. नितीन इथं कापसाचा ग्रेडर, आता तिथं.
आमचं साक्षगंध झालंच हाय. लग्न तो आल्यावर. बाबायनं ऑफिसात पेढे वाटले. "जावई फॉरेनले!"

९ मे
गेला. गाडीत चढता चढता म्हणे, "रडतं कायले व? कथा लिही एखादी."
लिहिली. शेवटापासून उलटी. फाडली.
मले तो आवडला कवा? मामाचा कापूस घेऊन गेलती मी जिनिंगवर. जिनिंगचा शेठ माल हलका ठरवून राह्यला होता. नितीननं सगळ्यायसमोर धागा ओढून दाखवला. "पाहा न शेठ, एक नंबर हाय." शेठचं तोंड!

२ जून
फोन. आवाज तुटून तुटून. तिथंही काळी माती, बायायच्या डोक्यावर गाठोडे. "सारं आपल्यासारखंच हाय." किती दिवसांनी हसली मी.

१५ जुलै
तिथल्या एका म्हातारीचा पांढराशुभ्र माल त्यानं फरतडीच्या, शेवटच्या हलक्या कापसाच्या भावात घेतला. फोनवर सोताच सांगते तो!
"वरून ऑर्डर हाय. नव्या देशात पाय रोवाचे तं स्वस्तात घ्या लागते."
"अन् म्हातारी?"
"जाते कुठं? दुसरी जिनिंगच नाही तिकडं."
हसला. नितीन हसला.
इथं चहाच्या टपरीवर बाहेरच्या कंपन्यायले सगळ्यात जोरानं शिव्या कोण देत होतं?
जेवली नाही. आई म्हणे, पित्त झालं काय. हो म्हटलं.

२० ऑगस्ट
सुटीवर आला. तब्येत सुधारली. बैठकीत बाबायले सांगून राह्यला, "तिकडचे लोक आळशी काकाजी, भाव मात्र पाह्यजे." बाबा मान हलवून राह्यले. इथले शेठ आपल्याबद्दल हेच बोलतात न, बाबा?
मंग तारखेचं निघालं. सगळे माह्याकडं पाहून राह्यले.
म्हटलं, "नितीन, ते काम सोड. इथं काहीही कर, मजुरी कर. उद्या लग्न करू."
अन् चपला घातल्या. बाबा ओरडले, "कुठं चालली व?" नितीन उठला, काहीतरी बोलणार होता.
स्टँडवर कळंबची गाडी लागली होती. चढली. गाडीतच लिहून राह्यली.
त्याचं ऐकाले थांबली असती तं मी हो म्हटलं असतं.