बारशाची बिअर

७ ऑक्टोबर
आलो बाई एकदाचे! बर्गेनच्या त्या कोंदट खोलीतून सुटका झाली. आता नवऱ्याचं, हाल्वोरचं शेत, त्याची दरी आणि त्याची ब्रिताआत्या. आत्याने तान्ह्या छकुलीला माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. मग छकुलीने जे काही भोकाड पसरलं! आत्या खूश. म्हणाली, पोरीला गळा आहे हो! याच महिन्यात चर्चमध्ये बारसं, तोवर नाव नाही, नुसती छकुली. बारशाची बिअर घरच्या सुनेनेच करायची, अशी इथली रीत. मी उभ्या जन्मात बिअर केलेली नाही. पण पाव फुगवता येतो, तर बिअर का नाही फसफसणार?

१० ऑक्टोबर
आज घाट घातला. जुनिपरच्या काटेरी डहाळ्या टाकून पाणी उकळलं, त्यात मोड आलेल्या सातूचा गोड काढा उतरवला, तळघरातलं पिंप भरलं. घरभर काय वास सुटलाय! इथलं विरजण म्हणजे एक लाकडी कडं. त्याच्या खाचांत मागच्या बिअरचं यीस्ट वाळून बसलेलं असतं. काढा दुधासारखा कोमट झाला की कडं आत सोडायचं. आणि सोडताना किंचाळायचं! आत्याने बजावलं, लाजू नकोस गं शहरी बाहुले, अशी किंचाळ की पिंपाभोवती घुटमळणारं सगळं पळून जाईल. गप्प राहिलीस तर ते आत शिरतं. एवढं सांगून ती गाई बघायला गेली.

छकुलीने सकाळपासून डोकं उठवलं होतं, नुकती कुठे झोपली होती. कोण किंचाळतंय? कडं गुपचूप सोडलं, झाकण लावलं. आत्याला सांगितलं, ओरडले.

११ ऑक्टोबर
बिअर ढिम्म. हे विरजण म्हणे काही तासांत उसळतं. इथे फेस नाही की बुडबुडा नाही. हाल्वोर म्हणतो, काढा गार पडला असेल. पिंपाला घोंगडी गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, तळापासून ढवळलं. चाखून पाहिलं, नुसतं गोडमिट्ट. आत्या येता-जाता टोमणे मारते, बारशाला सरबत पाजणार वाटतं पाहुण्यांना!

१२ ऑक्टोबर
फसफसली! पण तऱ्हाच वेगळी. मध्येच थांबते, मध्येच उसळते. छकुली रडली की फेस वर येतो, ती गप्प झाली की पिंपही गप्प. दिवसभर पाहिलं. योगायोग असणार, दुसरं काय? छकुलीचा आवाज मात्र बसलाय. गार वारं लागलं असेल.

१४ ऑक्टोबर
डॉक्टर येऊन गेले. घसा साफ, छाती साफ. पण छकुली रडते तेव्हा तोंड उघडतं, चेहरा लाल होतो आणि आवाज येत नाही.

आवाज खालून येतो. तळघरातून, झाकणाखालून. हाल्वोर म्हणतो, बिअरमधली हवा सुटतेय, तू जरा झोप काढ. मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय.

१५ ऑक्टोबर, सकाळ
आत्यापाशी खरं बोलले. वाटलं, शिव्या घालेल. तिने छकुलीच्या ओठांशी कान नेला. बारसं न झालेलं पोर, म्हणाली, बिननावाचं पोर त्या पिंपात शिरणाऱ्यांना— आणि शालच ओढली अंगावर. मग म्हणाली, आधी आवाज नेतात, मग श्वास. पिंपाला कुणी हात लावायचा नाही. बिअर सांडली तर पोरीचं जे काही आत गेलंय, ते सांडेल. पाद्रीबाबांना इथेच घेऊन येते, पिंपाशेजारीच बारसं करू. नाव ठेवलं की तिचं तिला परत. तशीच निघाली. चर्च दरीपलीकडे आहे.

हाल्वोर कधीचा रानात गेलाय. त्याला सांगायला हवं.

दुपार
छकुलीला श्वास येत नाही— आला. खाली बुडबुडा फुटला की येतो. बुडबुडा, श्वास. बुडबुडा— मांडीवर घेऊन बसलेय. हिला सोडून उठवत नाही. लिहिलं नाही तर वेड लागेल.

आत्या अजून—

लांब, वळणावर गाडी. आत्याच! आली गं बाई, छकुले, आली, थोडं थांब—

खाली काहीतरी घरंगळलं. कोण आहे—

हाल्वोर. जिन्यातून ओरडून सांगतोय, खुशीत आहे बिचारा. म्हणतोय, त्या पिंपाने तुझ्या जिवाला फार घोर लावला ना, घे, मिटवलं, तळघराच्या मागच्या दाराने पिंप नेऊन सगळी आत्ता ओढ्यात ओतली, आता निवांत—

छकुली

छकुले श्वास घे, अगं श्वा