चंद्रकांताची झोप

जवाहरनगर
दि. ११ मार्च १९७९, रविवार

तीर्थरूप धनीरामदादा यांस,
धाकटा भाऊ ताराचंदचा नमस्कार.

आपले पत्र गुरुवारी मिळाले. आंधळगावास सर्व मंडळी बरी आहेत, लाखोरीचे पीक निघून घरात आले, वहिनींचा गुडघा आता दुखत नाही, हे वाचून आनंद झाला. इकडील खुशाली लिहिण्याजोगी नाही, म्हणून लिहीत नाही. पत्रासोबतची जायफळाची पुडी मिळाली. जायफळ दुधात उगाळून घ्यावे, निजताना तळपायास तेल चोळावे, डोके दक्षिणेस करावे आणि मन शांत ठेवावे, असे आपण कळविले आहे.

दादा, हे असलं लिहिणं आता माह्याच्यानं होत नाही. मिळाले, कळविले, आनंद झाला! शाळेत मास्तरानं शिकवलेलं पत्र आहे हे. त्यात माहा राग मावत नाही. आता बोलतो तसंच लिहितो. तुम्हाले वाचाचं असन तर वाचा, नाही तर चुलीत घाला.

मन शांत ठेव म्हणे! मन काय बैल आहे, का दावं लावलं अन् खुंट्याले बांधलं? मी आडवा झालो का दिमाग सुरू होते. नळ बंद केला काय? केला. कडी लावली काय? लावली. मंग आज फोरमन माह्याकडे तसा काहून पाहत होता? तिथून जे सुटते, ते मॅट्रिकच्या पेपरात जाते, भूमितीचा सहावा प्रश्न काहून सोडला. तिथून मोहाडीच्या रस्त्याले, डाव्या हातची मोहाची झाडं किती. तिथून बाबाच्या मरणाले, शेवटचं पाणी तुम्ही पाजलं का मी. तिथून परत नळ. उठून नळ पाहून येतो. बंदच असते. फॅक्टरीची पहिली बस हॉर्न वाजवते तेव्हा कुठं डोळा लागते, अन् तेव्हा उठाचं असते. दहा वर्ष झाले या गोष्टीले, अन् तुम्ही सांगता शांत ठेव.

तुमचा एक उपाय सोडला नाही मी. तेल चोळलं. डोकं दक्षिणेले केलं, उत्तरेले केलं. खसखस खाल्ली. ताईत बांधला, त्याच्या दोऱ्यानं दंडाले खाज सुटली. शंभरापासून उलटं मोज म्हटलं, तेही मोजलं. त्या मोजण्याचं पुढं लिहितो. ते सांगाले जीभ जड होते म्हणून पहिले दुसरं लिहून घेतो.

पत्राच्या पाठीमागं, पार कोपऱ्यात, तुम्ही जे लिहिलं ते तिकडे काहून लपवलं? "पुढच्या रविवारी, अठरा तारखेले, समाजाची बैठक ठेवली आहे. चंद्रकांताची सोडचिठ्ठी करून घेऊ. वरठीची एक पोरगी पाहून ठेवली आहे. तू फक्त ये अन् गप बस." जायफळाले अर्धं पान, अन् माह्या बायकोले चार ओळी! वाचून मी कागद फेकला. मंग उचलला, परत वाचला, परत फेकला.

अन् कारण काय, तर पोरगी झोपाळू आहे. जानेवारीत वहिनी इथं आल्या, तेव्हा दिवसाच्या अकरा वाजता चंद्रकांता पाट्यापाशी बसल्या-बसल्या झोपली होती. वरवंटा हातातच. वहिनींनी तेवढं पाहिलं अन् आंधळगावभर सांगतलं का ताराचंदच्या नशिबी झोपकट बायको आली, हिच्यानं घर होत नाही. आठ दिवसांनी तुम्ही आले, मी ड्युटीवर होतो तेव्हा, अन् तिले आसगावले तिच्या बापाच्या ओट्यावर नेऊन सोडलं. मी घरी आलो तर खुंटीवर तिचं लुगडं नाही, खाटेखाली तिची पेटी नाही. मी मागं धावलो नाही. हेही लिहून ठेवतो.

वीस वर्षांची धडधाकट पोरगी. बापाच्या घरी धानाच्या रोवण्यात दिवसभर चिखलात वाकून राहणारी. ती अकरा वाजता पाट्यावर झोपते, तर कोणी तिले एका शब्दानं विचारलं काय, का बाई, रात्री तू काय करत होती? वहिनींनी नाही विचारलं. तुम्ही नाही. समाजाचे मोठे मोठे लोक पान खात बसतीन, तेही नाही विचारणार.

तिच्या बापानं, सेवकरामजींनी, मात्र विचारलं होतं. विसरले काय? साक्षगंधाच्या दिवशी, साऱ्या पाहुण्यांसमोर, त्या भल्या माणसानं सरळ विचारलं, "धनीरामजी, पोराले काही बिमारी-गिमारी नाही ना? आमची एकच पोरगी आहे." तुम्ही मांडीवर हात मारून म्हटलं, "बिमारी? माह्या भावानं अजून दवाखान्याची पायरी पाहिली नाही!"

पंधरा दिवस झाले नव्हते दादा, आपण दोघं नागपूरच्या डॉक्टरकडून येष्टीनं परत आलो त्याले. डॉक्टर चांगला बोलला होता. हे मनाचं दुखणं आहे, लाजाचं काही काम नाही, सहा महिने गोळ्या घ्या, म्हटलं होतं. तुम्ही ती चिठ्ठी भंडाऱ्याच्या स्टँडवर फाडली. "पागलाच्या डॉक्टरची चिठ्ठी आपल्या घरात नाही चालत. लगन लावून देतो, मंग पाह्य कसा झोपते ते." लगन काय गुंगीची गोळी आहे? माणसाची जितीजागती पोरगी तुम्ही माह्या उशाशी काढ्याच्या वाटीसारखी आणून ठेवली! तुम्हाले लाज नाही वाटली?

मले वाटाले पाहिजे होती. मी तिथंच बसलो होतो. तुम्ही मांडीवर हात मारला अन् सारे हसले, तेव्हा मीही हसलो.

मे महिन्यात लग्न झालं. जूनमधी मी तुम्हाले लिहिलं का आता मले झोप लागते. तुम्ही ते पत्र गावभर दाखवलं, माहा उपाय लागू पडला म्हणून. ती झोप कशी लागत होती ते आता ऐका.

चंद्रकांता पाठ टेकली का झोपत होती. एका मिनिटात. तोंड जरासं उघडं, हात डोक्याखाली, पोटभर जेवलेल्या लेकरासारखी. तिले तशी पाहून मले माया याले पाहिजे होती. मले राग येत होता, दादा. आंगाची आग होत होती. मी इथं तडफडून राहिलो अन् ही काहून झोपते? पहिले पहिले मी गिलास पाडला. मुद्दाम. ती दचकून उठली, मी म्हटलं हात लागला. मंग पाणी मागू लागलो. मंग डोकं दाब म्हटलं. मंग एक दिवस म्हटलं, तू मोज. शंभरापासून उलटं, मोठ्यानं.

ती चौथी शिकलेली. एकोणनव्वदच्या जाग्यावर एकोणऐंशी म्हणे, मंग जीभ चावे अन् हसे. पहिला आठवडा हसली. तिचा आवाज ऐकता ऐकता मले झोप लागली. खरंच लागली, चाळिसाच्या आसपास. सकाळी उठलो तर डोकं असं हलकं, का मी फॅक्टरीत शिट्टी वाजवत गेलो.

मंग ते रोजचं झालं. ती मोजे, मी ऐकू. तिचा डोळा लागला, आवाज थांबला, का मी टक्क जागा. तिचा खांदा हलवला, "परत. शंभरापासून." एका रात्री अकरा वेळा तिले शंभरापासून सुरू कराले लावलं. एकदा ती रडत मोजत होती, मी म्हटलं, नीट मोज, आकडे समजत नाही. आठ महिने हे चाललं. मी तीन-चार तास झोपत होतो, अन् ती साडेचारले उठून माहा डबा बनवत होती. तिनं कोणाजवळ एक शब्द काढला नाही. बाजूच्या क्वार्टरच्या सुमनबाईंले भिंतीतून ऐकू जात होतं. त्यांनी मले नळावर विचारलं, "भाऊ, तुमची बाई रात्री परीक्षेचा अभ्यास करते काय?" मी म्हटलं, हो, करते.

डिसेंबरात एका पहाटे ती सिगडीपुढं बसल्या-बसल्या झोपली अन् उजवा हात निखाऱ्यावर गेला. मनगटापासून वर वीतभर चामडी निघाली. दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, कसं झालं हे? चंद्रकांतानं माह्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काय सांगू साहेब, भलती झोपाळू आहे."

तो शब्द वहिनींचा नाही. तुमचाही नाही. तो शब्द माहा आहे. तिच्या जळलेल्या हातावर पट्टी बांधून राहिले होते, अन् मी तिच्यासमोर तो बोललो. वहिनी आल्या तेव्हा त्यांनी विचाराच्या आधी मीच सांगतलं, का वहिनी, ही दिवसभर झोपते. त्याच शब्दावर तुम्ही आता बैठक भरवून राहिले.

वर मी तुमच्यावर जे काही भडकून लिहिलं, त्यातलं एक अक्षर खोडत नाही. तुम्ही खोटं बोलले, चिठ्ठी फाडली, एका बापाले फसवलं. पण तुम्ही एका दिवशी बोलले. मी आठ महिने रोज रात्री ते खोटं तिच्या तोंडून मोजून घेतलं. मले माहा इतका राग येते का हा कागद फाटून राहिला टाकानं, पाहा, खाली भोक पडलं आहे.

फेब्रुवारीत आसगावचा एक माणूस बसमधी भेटला. मी कोण ते त्याले माहीत नव्हतं. तो सहज सांगत होता का सेवकरामची पोरगी सासरहून आली ते तीन दिवस झोपूनच होती. जेवाले उठे, दोन घास खाये, परत झोपे. मायनं घाबरून वैद्य आणला. वैद्यानं नाडी पाहिली, हात पाहिला, अन् म्हटलं, काही नाही झालं, झोपू द्या पोरीले. मी पुढच्याच फाट्यावर उतरलो अन् तिथून पायी घरी आलो.

गेल्या सोमवारी रजा टाकून नागपूरले गेलो, त्याच डॉक्टरकडे. एकटा. चिठ्ठी आणली, गोळ्या आणल्या. डॉक्टर म्हणे गुण याले महिना लागन. अजून काही फरक नाही. रात्री मी एकटाच शंभरापासून मोजतो, एकावर येतो अन् उठून बसतो. बसू द्या. ते माह्या वाट्याचं आहे, दुसऱ्या कोणाच्या पोरीच्या गळ्यात घालाचं नाही. वरठीच्या लोकांले आजच नाही म्हणून कळवा. तुम्ही नाही कळवलं तर मी जाऊन कळवीन, अन् कारणासहित कळवीन.

बैठकीत गप बस म्हटलं तुम्ही. लहानपणापासून तेच केलं, आता नाही बसत. मले माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. ताराचंदचं डोकं फिरलं, त्याच्या बोलण्याले काही अर्थ नाही, असंच म्हणाल. म्हणून मी काल हे सारं सेवकरामजींले लिहून पाठवलं. तुम्ही साक्षगंधाले काय बोलले, चिठ्ठी कुठं फाडली, मोजणं, तिचा हात, झोपाळू शब्द पहिले कोणाच्या तोंडून निघाला. खाली पूर्ण नावानं सही केली अन् रजिस्टर डाकेनं टाकलं. बैठकीत साऱ्यांसमोर मोठ्यानं वाचा, म्हणून लिहिलं. सोडचिठ्ठी कराची असन तर ती चंद्रकांतानं कराची, दोष माह्या नावावर.

ती परत यावी असं मी त्यात लिहिलं नाही. तसं लिहिण्याचं माहं तोंड नाही. एवढंच लिहिलं का बैठकीसाठी तिले आसगावहून आंधळगावले फरफटत आणू नका. अन् डाकवाला पत्र घेऊन येईन तेव्हा ती झोपली असन, तर तिले उठवू नका.

दादा, बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तुम्ही स्वतःची शाळा सोडून मले मॅट्रिक केलं, ते मी मेलो तरी विसरणार नाही. म्हणूनच हे पत्र तुम्हालेही लिहिलं. नाही तर तुम्हाले साऱ्यांसोबत बैठकीतच समजलं असतं.

वहिनींले नमस्कार. त्यांच्यावर राग नाही.

मी अठरा तारखेले सकाळच्या येष्टीनं येतो. घरी उतरणार नाही, सरळ बैठकीत येईन अन् सेवकरामजींच्या बाजूले बसीन. तुमच्याजवळ माही जागा धरू नका.

तुमच्याच हातानं वाढलेला,
ताराचंद